चुकीचा रकाना

देवरीहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला धर्मकाटे आहेत. धर्मकाटा म्हणजे ट्रक मालासकट तोलायचा काटा. लोखंडी फळीवर ट्रक चढतो, शेजारच्या खोलीत लाल आकडे थोडा वेळ नाचतात, मग थांबतात, आणि थांबलेला आकडा हे सत्य. वाण्याच्या तराजूला आपण नुसतं तराजू म्हणतो. वीस-तीस टन तोलायची वेळ आली की मात्र काट्यामागे धर्म लावतो. माल जितका जास्त तितकी धर्माची गरज जास्त, असा हिशेब असावा.

आमचा भाग धानाचा. धानाचे कट्टे भरलेली गाडी काट्यावर उभी असताना शेतकरी त्या लाल आकड्यांकडे ज्या भक्तिभावाने पाहतो, तो भाव मी देवळातसुद्धा फारसा पाहिलेला नाही. पण काटा बरोबर आहे, हे कशावरून? तर वैधमापन खात्याचा निरीक्षक प्रमाणित वजनं आणून ती काट्यावर ठेवून पाहतो आणि शिक्का मारतो म्हणून. आणि निरीक्षकाची वजनं? ती खात्याच्या प्रयोगशाळेत अधिक काटेकोर वजनांशी ताडलेली. आणि ती? त्यांच्याहून वरच्या वजनांशी. असा हा जिना चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जातो. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा 57 क्रमांकाचा किलोग्रॅम ठेवलेला आहे, आणि तो पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या मूळ किलोग्रॅमशी ताडलेला. 1889 पासून जगातला किलो म्हणजे सेव्रचा तो ठोकळा.

गंमत पुढेच आहे. शंभरेक वर्षांत या ठोकळ्याला त्याच्याच भावंडांशी ताडून पाहिलं, तर 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक निघाला. आता कोण चुकलं? भावंडं वजनाने वाढली की थोरले घटले? थोरले चुकूच शकत नव्हते, कारण त्यांचं जे वजन भरेल त्यालाच किलो म्हणायचं, असं ठरलेलं होतं. (प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एक ठोकळा असतो.) अखेर 20 मे 2019 पासून त्याला निवृत्त करून किलोची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवण्यात आली. निवृत्तिवेतनाचं काय ठरलं ते कळलं नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तत्त्वज्ञान आमच्या काउंटरवर मिळत नाही. तरी 'तपासणाऱ्याला कोण तपासणार' या एका प्रश्नावर आमचं सगळं खातं उभं आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती पाहून मंजूर करायची, त्यावर लेखापरीक्षक, त्यावर मुख्य कार्यालयाचे इन्स्पेक्टर. पाचशे रुपयांच्या व्हाउचरकडे इतकी माणसं पाहतात की नव्या नवरीकडेही पाहत नसतील. आणि इतकं करूनही बी.कॉम.ला शिकवतात काय, तर तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. एका बाजूला पाचशे जास्त आणि दुसऱ्या बाजूलाही चुकून पाचशेच जास्त मांडले, तर दोन चुका एकमेकींना झाकून बसतात आणि तेरीज आनंदाने जुळते. कित्येक संसार याच तत्त्वावर पन्नास पन्नास वर्षं टिकलेले आहेत.

न जुळलेल्या गोष्टींची उदाहरणं हवी असतील तर तीही मोठी आहेत. 2009 च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच लिहून दिलं की, ताळेबंदात बँकेत म्हणून दाखवलेल्या रकमेतले 5040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. कंपनी संगणकाची, नाव सत्यम, लेखापरीक्षक जगभर शाखा असलेले. आमच्याकडे दहा रुपये कमी भरले तर रात्री आठपर्यंत कोणाला घरी जाऊ देत नाहीत.

एवढं सगळं मांडायचं कारण माझा भाचा. तो पुण्याला असतो आणि 'तपासणाऱ्याला तपासणे' एवढंच काम करून पगार घेतो, तोही माझ्याहून बराच जास्त. तो डीबगर नावाच्या वस्तूच्या चाचण्या सांभाळतो. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीला बग, म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द जुना आहे, पण 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत खराच एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या लोकांनी तो रोजच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. पुरावा जोडून नोंद करण्याची ही पद्धत मला फार आवडली. भाचा किडे काढायच्या कामात आहे असं मी घरी सांगितलं, ते सौभाग्यवतींनी गल्लीत सांगितलं, आणि यंदाच्या दिवाळीत तो आला तेव्हा शेजारचे दोघे धानावरच्या तुडतुड्याला कोणतं औषध मारावं ते विचारून गेले.

डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्रॅम. थांबवायचं ज्या ठिकाणी, तिथली मूळ सूचना तो हळूच उचलतो, तिच्या जागी 'थांब' अशी सूचना ठेवतो, आणि काम झालं की मूळ सूचना परत ठेवतो. म्हणजे ज्याला तपासायचं त्यालाच हात लावून तपासणं आलं. त्यामुळे काही चुका डीबगर लावला की गायब होतात आणि काढला की परत येतात. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाखेत सगळे साडेनऊला हजर असतात, तसं हे. या कुळातला सर्वांत नावाजलेला जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिला. भाच्याची कंपनी एका चिपसाठी त्याचीच बदललेली आवृत्ती चालवते.

"पण मामा, डीबगर हासुद्धा प्रोग्रॅमच ना. त्यातही चुका असणारच," भाचा म्हणाला.

झालं. म्हणजे पुन्हा धर्मकाटा.

त्यावर या लोकांनी काढलेली युक्ती मात्र निरीक्षकाच्या वजनांसारखीच आहे. छोटे छोटे प्रोग्रॅम मुद्दाम लिहून ठेवायचे. एक मुद्दाम कोसळणारा, एक मुद्दाम शून्याने भागणारा, एक नुसताच सात हा आकडा हातात धरून बसलेला. यांच्यात काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक. आता डीबगरला विचारायचं, याच्या हातात किती? सात म्हणाला तर पास. असे प्रश्न हजारोंनी. विचारायला माणूस बसवणं शक्य नाही, म्हणून एक्स्पेक्ट नावाचा दुसरा प्रोग्रॅम माणसासारखा एकेक आदेश टाइप करतो आणि उत्तर ठरलेल्या नमुन्याशी ताडतो. दहा सेकंद वाट पाहतो. उत्तर आलं नाही तर शेरा मारून पुढे जातो. (दहा सेकंदांचा नियम आमच्या काउंटरला लावू नये, ही नम्र विनंती.) हा एक्स्पेक्ट 1990 च्या सुमारास डॉन लिब्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तयार केला. मानक संस्था म्हणजे तिकडच्या वजनमापांचं माहेरघर. म्हणजे भाच्याचा लॅपटॉप आणि आमचा धर्मकाटा हे चुलतभाऊच निघाले.

या हजारो चाचण्यांची मांडणी मला बँकेतल्यासारखीच वाटली. पायाभूत चाचण्यांचं कपाट वेगळं, एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या प्रोग्रॅमांचं वेगळं, प्रत्येक भाषेचं वेगळं. आणि कोणत्याही दोन चाचण्यांचं नाव सारखं असता कामा नये, यावर त्यांचा फार कटाक्ष. सारखं आढळलं तर तेही मोजून अहवालात छापतात. हे मला न समजावताच समजलं. आमच्या शाखेत एकट्या उईके आडनावाची इतकी खाती आहेत की वडिलांच्या नावाशिवाय आम्ही कोणाला पाणीसुद्धा विचारत नाही.

रात्री जेवणं झाली की भाचा चाचण्या सुरू करून ठेवायचा आणि मच्छरदाणीत शिरायचा. खोलीत तो लॅपटॉप पंखा घुरघुरवत एकटाच प्रश्न विचारून एकटाच उत्तरं देत असे. दुसऱ्या रात्री सौभाग्यवती दारातून पाहत मला म्हणाल्या, "का जी, हे असं रातभर स्वतःशीच बोलते का?" मी म्हटलं, "त्याला ऑडिट म्हणतात."

सकाळी अहवाल. माझी कल्पना अशी की अहवालात पास आणि नापास असे दोन रकाने असतील. निघाले पुष्कळ. रात्री मधेच नेट गेलं आणि चाचणीचा निकालच लागला नाही, तो 'अनिर्णित'. चाचणी अजून लिहायचीच राहिली, तो 'तपासलं नाही'. या यंत्रावर ती सोयच नाही, तो 'लागू नाही'. माणसांच्या परीक्षांना इतके प्रामाणिक रकाने असते तर आमच्या पिढीचं भलं झालं असतं. पण ज्यांच्यापाशी मी अडकलो ते रकाने आणखी दोन होते. दोन्ही नापासांचेच, पण माफ केलेल्या नापासांचे.

पहिला 'अपेक्षित नापास'. म्हणजे चाचणी नापास झाली, पण दोष आपल्या डीबगरचा नाही; कंपायलरचा आहे किंवा ज्या यंत्रणेवर सगळं चालतं तिचा आहे. आपण काय करणार? दुसरा 'ज्ञात नापास'. म्हणजे दोष आपलाच आहे, आपल्याला माहीत आहे, अजून दुरुस्त केलेला नाही, आणि हा घ्या दोषांच्या वहीतला त्याचा नंबर. शेवटच्या बेरजेत दोन्ही रकाने नापासात धरत नाहीत. गिऱ्हाइकाला अहवाल सारखाच स्वच्छ दिसतो.

आणि भाच्याची झोप उडाली होती ती याच दोन रकान्यांवरून. एक चाचणी सात विचारत होती आणि डीबगर शून्य सांगत होता. सोमवारी नवी आवृत्ती गिऱ्हाइकाकडे जायची होती. त्याच्या वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, कंपायलरचा दोष असणार, 'अपेक्षित'मध्ये टाक आणि मोकळा हो. वरिष्ठ काही वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं इतकंच की दोन्ही रकाने माफच होतात, तर कुठे टाकलं याने फरक काय पडतो?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी त्यावर दोन दिवस काउंटरवर विचार केला. नफा-तोट्याच्या दृष्टीने पाहिलं तर फरक शून्य. चूक लपवलेली नाही, कागदावर आहे. आकडाही खोटा नाही. फक्त चुकीसमोर नाव कोणाचं, एवढाच प्रश्न. खोटं बोलण्याचे जे प्रकार लहानपणी आपल्याला शिकवलेले असतात, त्यांत हा बसतच नाही.

मग मला आठवलं की आमच्या धंद्यात या रकान्याला फार जुनं आणि लाडकं नाव आहे. 'लिंक नाही'. संगणक आल्यापासून या दोन शब्दांनी कारकुनांची जेवढी सेवा केली तेवढी कोणत्याही युनियनने केली नसेल. लिंक खरोखरच जाते, हे मी शपथेवर सांगतो. आमच्या जंगलपट्ट्यात ती जशी जाते तशी पुण्या-मुंबईत जात नसेल. पावसाळ्यात तर ती येते याचंच आश्चर्य. पण लिंक नसणं आणि 'लिंक नाही' म्हणणं यांत एक अंतर आहे. एका शाखेत (शाखेचं नाव विचारू नका) मी हे पाहिलेलं आहे: ककोडीकडच्या गावातली एक म्हातारी सकाळच्या एस.टी.ने निराधार योजनेचे पैसे काढायला आली. तिचा अंगठा यंत्राने घेतला नाही. दुसऱ्या बोटाने पाहता आलं असतं, रजिस्टर काढून सही-साक्षीने देता आलं असतं. त्याला वीस मिनिटं लागली असती. जेवणाची वेळ झाली होती. "लिंक नाही, आजी. उद्या या." आजी गेली. पदरात बांधलेले भाड्याचे पैसे तिने दारातच मोजले.

त्या दिवशीच्या कुठल्याही कागदात चूक नव्हती. लिंकचं कोणी काही करू शकत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. म्हणूनच त्या रकान्यात गेलेली गोष्ट कोणी परत काढून पाहत नाही. ती दुरुस्त व्हायची वाट इतर कोणीतरी, कुठेतरी, मुंबईला किंवा आकाशात, पाहत असतो असं धरलेलं असतं. 'ज्ञात नापास'ला निदान एक नंबर असतो. नंबर असला की कोणीतरी कधीतरी तो उघडून विचारतो, याचं काय झालं?

हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण दोष खरंच कंपायलरचा असेल तर? मग उगाच आपल्या नावावर घ्यायचा का?"

हेही बरोबरच होतं. दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेणं हासुद्धा चुकीचा रकानाच, फक्त दिसायला साधुपणाचा. मग ठरवायचं कसं? मी म्हटलं, आमच्याकडे रक्कम जुळली नाही की पहिला प्रश्न एकच: व्हाउचर चुकलं की पोस्टिंग चुकलं? व्हाउचर काढून डोळ्यांनी बघ.

त्यांच्याकडे व्हाउचर असतं, हे त्याच्याकडूनच कळलं. कंपायलर प्रोग्रॅम तयार करताना सोबत एक टाचणवही लिहून ठेवतो: अमुक सूचनेपर्यंत ही किंमत या खणात आहे, तिथून पुढे त्या खणात. या वहीच्या पद्धतीला ड्वार्फ म्हणजे बुटका म्हणतात, कारण तिच्या जोडीच्या फाइलपद्धतीचं नाव एल्फ. परीकथेतली माणसं इतक्या रुक्ष कामाला लावलेली पाहून वाईट वाटलं. तर डीबगर ही वही वाचून सात की शून्य ते सांगतो. वही चुकीची लिहिलेली असेल तर दोष कंपायलरचा. वही बरोबर आणि वाचणारा चुकला असेल तर दोष डीबगरचा. वही उघडी करून दाखवणारी वेगळी अवजारं असतात. भाचा शनिवारी रात्री जेवण सोडून त्या आकड्यांत बसला. मामी दोनदा ताट झाकून आली. "अगा, जेवून घे ना आधी. तुझा किडा काही पळून नाही जात," ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही.

पहाटे दोनच्या सुमाराला तो बाहेर पडवीत आला. वही बरोबर होती. जिथे एक खण संपून दुसरा सुरू होतो, नेमक्या त्या सीमेवर डीबगर जुन्याच खणात हात घालत होता. एका घराने चुकला होता. दोष आपला.

आनंद व्हावा की दुःख, हे त्याला कळत नव्हतं. सोमवारच्या आत दुरुस्ती शक्य नव्हती. त्या जागेला हात लावला तर आणखी कुठे काय हलेल याची खात्री नाही. म्हणून त्याने वहीत नंबर उघडला, काय घडतं आणि कुठे घडतं ते लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि चाचणी 'ज्ञात नापास'मध्ये ठेवली. वरिष्ठांना तसं कळवलं. वरिष्ठांचं उत्तर इंग्रजीत आलं, ते मी वाचलं. त्यात शिवी नव्हती, पण 'अनावश्यक' या अर्थाचा शब्द दोनदा होता. गिऱ्हाइकाने दोषांची वही मागितली तर हा नंबर त्याला दिसणार, 'अपेक्षित'मध्ये असता तर दिसला नसता, हे त्यांनी शांतपणे नमूद केलं होतं. भाच्याची बढतीची फाइल याच माणसाकडे आहे. सौभाग्यवतींनी हे ऐकलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो नंबर मीच उघडला होता.

तरीही सगळं स्वच्छ झालं असं नाही. 1969 मध्येच डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा बजावून गेले आहेत की, चाचणीने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही. आमच्या तेरजेचंच हे परदेशी रूप. जीडीबीच्या पूर्ण चाचण्या चालवल्या तर बहुतेक यंत्रांवर काही ना काही नापास निघतंच. म्हणून तिथे काम करणारे लोक आपला बदल करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा चाचण्या चालवतात आणि दोन यादींतला फरक पाहतात. कालच्यापेक्षा आज वाईट नाही ना, एवढंच. ही कसोटी मला आधी फार लेचीपेची वाटली. मग माझ्या गोपनीय अहवालांची आठवण झाली आणि मी गप्प बसलो.

भाचा पुण्याला परतून महिना झाला. परवा त्याचा फोन आला, आवाज पडलेला. ती चाचणी आपोआप पास व्हायला लागली आहे. कोणी काही दुरुस्त केलेलं नाही. यासाठीही त्यांच्याकडे रकाना आहे: ज्ञात नापास, पण पास. तो वरिष्ठांकडे दोन दिवस मागतोय, का पास झाली ते शोधायला, आणि वरिष्ठ विचारतात, पास झालंय तर आता शोधायचं काय?

मला यात नवल वाटलं नाही. कॅश कमी भरली तर निदान शोधायचं काय ते ठाऊक असतं. जास्त भरली की खरी पंचाईत. ती रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि कोणाला तरी कमी दिलेत की काय या विचाराने रात्रभर डोळा लागत नाही. मी भाच्याला म्हटलं, दोन दिवस मिळाले नाहीत तर शनिवार-रविवार तुझेच आहेत. मागच्याच बुधवारी आमच्या कॅशियरकडे पाचशेची एक नोट जास्त भरली होती, आणि आम्ही सगळे नऊपर्यंत एकेक स्लिप परत वाचत होतो. घरी आल्यावर उशिराचं कारण सांगितलं, तर सौभाग्यवती ताट वाढता वाढता म्हणाल्या, "जास्त भरले ना? मग त्यात रडासारखं का आहे?"